भागाकारबाई

आरोग्य खात्याच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून जी खोली आहे, तिथे ती एकवीस वर्षं बसली. काम आकडेवारीचं. गावोगावच्या दवाखान्यांतून दर महिन्याला तक्ते यायचे, कुठे किती आजारी, किती जन्म, किती मृत्यू. ते तपासायचे, जोडायचे आणि वर पाठवायचे. खुर्चीत बसणाऱ्याने एवढंच करावं अशी अपेक्षा होती. हिने मात्र प्रत्येक आकड्याला लोकसंख्येने भागायची सवय लावून घेतली आणि कचेरीभर तिचं नाव पडलं भागाकारबाई.

नाव चेष्टेने पडलं होतं, पण तिला ते मनापासून आवडायचं. घरीही सुटका नव्हती. नवरा शिंपी, पुढच्या खोलीतच त्याचं मशीन. एकदा त्याने सहज म्हटलं, "आपल्या घरात चहा फार होतो बुवा." हिने लगेच हिशेब मांडला, "घरात माणसं चार, कप दिवसाला चौदा. म्हणजे माणशी साडेतीन. पण त्यातले नऊ एकट्या तुमचे." सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आता माणशी भांडी किती घासली जातात तेही काढ गं, म्हणजे याची पुरती वरात निघेल." त्या दिवसापासून शिंपीबुवा आपले कप आपण विसळू लागले.

ही अक्कल तिला फुकट आली नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने एक मोठा शोध लावला होता. अकरा हजार वस्तीच्या एका गावात वर्षाला अकराशे जन्म, म्हणजे हजारी शंभर. आणि शहरात हजारी अठरा! तिने लाल शाईने अहवाल लिहिला, की या गावात शहराच्या पाचपट मुलं जन्मतात, तातडीने लक्ष घालावं. तेव्हाचे हेडक्लार्क म्हातारे होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलायची त्यांची सवय. कागद वाचून ते इतके हसले की चष्माच खाली पडला.

"अहो बाई, त्या गावात मोठं प्रसूतिगृह आहे. आसपासच्या चाळीस गावांतल्या बायका तिथे येतात. रेघेच्या वर चाळीस गावची बाळं घेतलीत आणि खाली एकाच गावची माणसं. भागाकार बरोबर आहे हो, माणसं चुकली."

ती कानकोंडी झाली. पण ते वाक्य तिने असं गाठीला बांधलं की त्यानंतर कुठलाही आकडा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला: वर कोण, खाली कोण?

पुढे बऱ्याच वर्षांनी वरून मंजुरी आली, श्वासाच्या आजारासाठी एक खास डॉक्टर आणि फुप्फुसाची ताकद मोजायचं यंत्र. द्यायचं कुठे, यासाठी साहेबांनी बैठक बोलावली. साहेब नवे होते, माणूस सरळ, पण घाईचा. शहराच्या दवाखान्याचे मुख्य डॉक्टर म्हणाले, "यात विचार कसला करायचा? आमच्याकडे बाराशे चाळीस रोगी. दुसऱ्या क्रमांकावर कोण, तर ते खाणीचं गाव, शहाण्णव! कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे..." पुढचं त्यांनी गिळलं, पण सगळे हसले.

भागाकारबाई कोपऱ्यात बसली होती. ती उभी राहिली. "साहेब, शहरात माणसं सहा लाख वीस हजार. हजारात दोन आजारी. खाणीच्या गावात माणसं तीन हजार दोनशे. हजारात तीस. पंधरा पट."

मग डॉक्टर म्हणाले, "लहान गावाचे आकडे असेच उड्या मारतात, बाई. एका वस्तीत चाळीस माणसं, त्यातला एक गेला, की झाली ती वस्ती राज्यात पहिली."

"अगदी बरोबर," ती म्हणाली, "म्हणून ती वस्ती मी यादीत घेतलीच नाही. या गावाची मात्र पाच वर्षं काढली. अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव, नव्वद, चौऱ्याण्णव, शहाण्णव. यात उडी कुठे आहे?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि हे शहाण्णव सगळे त्याच गावचे कशावरून?"

प्रश्न नेमका तिच्याच मनातला. ती म्हणाली, "तक्त्यावरून कळत नाही, साहेब. मला चार दिवस द्या. जाऊन बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती निघाली. गाव दिसायच्या आधी धूळ दिसली. झाडांची पानं राखाडी, कौलं राखाडी, दोरीवर वाळत घातलेली साडी राखाडी. दवाखान्याची यादी हातात घेऊन ती दारोदार फिरली. एका घरात दगड फोडणारी बाई ओट्यावर बसली होती. वय विचारलं तर अडतीस. दोन वाक्यांच्या मध्ये थांबून श्वास घेत होती.

"कधीपासून होतंय हे?"

"कशाला म्हणता? दम लागतो त्याला? तो तर सगळ्यांनाच लागतो की. आम्हाला वाटलं, माणसाला लागतोच."

भागाकारबाईने पेन्सिल थांबवली. तुलना करायला शेजारचा धडधाकट माणूसच नसेल, तर आजार आजार वाटणार तरी कसा? तिने त्या बाईला पाणी आणून दिलं, आणि मग पुढच्या दाराशी गेली.

चौथ्या दिवशी ती बैठकीत परतली ती आपलाच आकडा कमी करून. "शहाण्णवांतले सोळा जण बाहेरगावचे मजूर, खाणीजवळ पालं टाकून राहिलेले. गावच्या लोकसंख्येत ते नाहीत, म्हणून वजा केले. राहिले ऐंशी. हजारी पंचवीस. शहराच्या साडेबारा पट. त्या सोळांची वेगळी ओळ लिहिली आहे. हिशेबातून गेले, तरी औषधातून जाऊ नयेत."

शहरातल्या डॉक्टरांनी तिचा कागद ओढून घेऊन वाचला. मग तेच म्हणाले, "साहेब, जी बाई स्वतःचा आकडा स्वतः उतरवते, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. यंत्र तिकडे द्या. आमचे रोगी दोन बस बदलून दुसऱ्या शहरात तरी जाऊ शकतात."

यंत्र गेलं, डॉक्टर आले, खाणमालकाला दगड फोडताना धूळ बसावी म्हणून पाणी मारायची सक्ती झाली. आणि वर्षाने आकडा आला एकशे बेचाळीस!

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. चेहरा उतरलेला. "बाई, हे काय झालं? इलाज केला आणि रोग वाढला?"

"रोग नाही वाढला साहेब, मोजणं वाढलं. आधी जे दम लागणं अंगवळणी पडलं म्हणून घरी बसायचे, ते आता दारात येतात. आणखी दोन वर्षं थांबा. पण एकूण रोगी बघू नका. नवीन किती झाले, ते बघा."

ते थांबले. यंत्र आलं त्या वर्षी नव्याने आजारी पडलेले एकतीस होते, पुढच्या वर्षी एकोणीस, त्यानंतर आठ. आठांचा तक्ता ज्या दिवशी आला, त्या दिवशी ती स्वतःहून तिसऱ्या मजल्यावर गेली आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला, खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "बसा बाई. आता उरलेल्या गावांचंही सांगा."

ती बसली, पदर सारखा केला, आणि पिशवीतून दुसरी वही काढली.