मामांचं टेलनेट

आमच्या साखर कारखान्याचा सर्व्हर दौंड तालुक्यात आणि त्या भागातल्या उसाचं गट ऑफिस नदीपलीकडे, मांडवगण फराट्याला. तिथले जुने कारकून म्हणजे आम्हा सगळ्यांचे मामा. कुणाचा ऊस कधी तोडायचा, ती पाळी मामा तिथून युनिक्सच्या सर्व्हरवर भरायचे, आणि भरायचे टेलनेटनं. टेलनेट म्हणजे बांधावरून हाळी घालणं. ज्याला सांगायचं त्याला कळतंच, पण शेजारच्या वावरातल्यालाही ऐकू जातं. पासवर्डसुद्धा तसाच उघडा जातो. त्याआधीचं आरलॉगिन तर याहून भोळं: ओळखीच्या मशीनवरून आलाय ना, मग या आत, पासवर्ड कशाला? ते मी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला लागल्या लागल्या बंद केलं होतं. टेलनेटही काढा, एसएसएच बसवा, त्यात सगळं कुलूपबंद जातं, हे सांगून माझ्या तोंडाला फेस आला होता. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "चाललंय ना? मग चालू द्या."

मामांना पासवर्ड टाइप करायचा भारी कंटाळा. मी दुरुस्तीला गेले की खुर्ची सरकवून म्हणायचे, "ताई, तुमीच टाका की. तुमाला ठाव हाय." मी रागवायचे आणि टाकायचे.

गेल्या हंगामात एका बागायतदाराची पाळी परस्पर वर सरकली. नोंद मामांच्या लॉगिनची. ज्यांचा ऊस मागं पडला, ते ऑफिसात येऊन नाही नाही ते बोलले. साहेबांनी मामांना बोलावून तासभर फैलावर घेतलं, कामावरून काढायची भाषा केली. निवृत्ती तोंडावर आलेली. मामा घरी जाताना चहाच्या टपरीवरही थांबेनात. मला ते बघवेना.

मी साहेबांना मामांच्या ऑफिसात नेलं, माझा लॅपटॉप तिथल्याच नेटवर्कला जोडला. "तुम्ही तुमच्या पासवर्डनं टेलनेट करा," म्हटलं, "मी तुमच्याकडं पाठ करून बसते." त्यांनी केलं. लॅपटॉपवर त्यांचा पासवर्ड एकेक अक्षर उमटत गेला. त्यांच्याच मोटारसायकलचा नंबर निघाला. साहेब दारातल्या गाडीकडं बघत राहिले.

"या नेटवर्कवर बसलेला कुणीही हे वाचू शकतो," मी म्हणाले. "मग नुसत्या लॉगिनवरून मामांना दोषी कसं धरायचं?"

साहेब वरमले. मामांवरचा ठपका निघाला, आणि एसएसएचला एकदाची परवानगी मिळाली. पाळी कुणी सरकवली ते आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मामांना एसएसएचची किल्ली करून दिली. किल्ली म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवरची एक फाइल. ती उघडायला एक गुप्त वाक्य लागतं. "मामा, हे वाक्य कुणाला सांगायचं नाही. मलासुद्धा नाही."

"बरं." त्यांनी चष्मा पुसला. "साहेब तवा तासभर त्येच इचारत व्हते. पासवर्ड आनि कुनाला ठाव हाय म्हून."

"मग?"

"कुनालाच न्हाई म्हनलं."

मी खिडकीकडं तोंड करून बसले. मागं मामा एका बोटानं सावकाश टाइप करत होते, आणि मला रडू आवरेना.