उपरण्याखालची बोटं

बापू गेला तो बाजाराच्या दिवशी. घोडेगावच्या बाजारात दिवसभर बैलांचे सौदे करून घरी आला आणि छातीत कळ येतेय म्हणाला. नगरला नेताना गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याच्या खांद्यावरचं उपरणं मी आमच्या हातांवर ओढलं आणि विचारलं, "किती?" त्याने माझी पाचही बोटं मुठीत धरली. माझ्या धाकट्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा पाच सांगितली होती... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली. ज्याच्या रक्ताला जन्मभर धड गोठता आलं नाही, तो गुठळीने जावा, या गोष्टीवर बापू स्वतःच सगळ्यांच्या आधी हसला असता.

त्याला हिमोफिलिया होता. घरात हे कळलं ते त्याचे कान टोचले तेव्हा. सोनाराने तार घातली, हळद लावली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. रक्त थांबलं असं वाटायचं आणि पुन्हा झिरपायला लागायचं. नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. आई मात्र पांढरीफटक पडली होती, कारण तिचा भाऊ लहानपणी दात पडल्याचं निमित्त होऊन गेला होता. नगरच्या डॉक्टरांनी वडिलांना त्यांच्याच भाषेत समजावलं. पाट फुटला की आपण आधी ढेकळं टाकतो आणि मग वरून चिखल लिंपतो. रक्ताचंही तसंच. जखमेवर आधी बारीक पेशी गोळा होतात, मग रक्तातले घटक एकामागून एक जागे होऊन त्यावर जाळं विणतात. बापूकडे ढेकळं होती, पण त्या घटकांतला एक जवळपास नव्हता, त्यामुळे लिंपण टिकायचं नाही. दोष आईकडून आला होता. मला तो आला नाही, त्याला आला. यात कुणाचं पाप नाही, हे डॉक्टरांनी आईला दोनदा सांगितलं. तिला ते कधीच पुरतं पटलं नाही.

जखमेपेक्षा आतला रक्तस्राव वाईट. काही न लागताही गुडघ्यात रक्त साचायचं आणि गुडघा टम्म फुगायचा. वडील बाजारातले दलाल. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून सांगतात. वडिलांनी तीच रीत घरी आणली. बर्फ उपरण्यात बांधून गुडघ्यावर ठेवायचे, त्याखाली हात धरायचे आणि विचारायचे, "किती?" दुखणं जितकं, तितकी त्यांची बोटं धरायची. रडणारं पोर बोटं मोजायला लागलं की रडणं विसरायचं. बापू चारच्या वर कधी गेला नाही. पुढे तोही दलाल झाला. लोक म्हणायचे, रक्त न थांबणाऱ्याने शिंगांच्या गर्दीत कशाला जावं? तो म्हणायचा, "बैल मारतोय का न्हाई ते लांबून दिसतं. माणसाचं दिसत न्हाई." वारंवार रक्त साचून आखडलेल्या एका पायाने लंगडत, शिंगांपासून अंतर राखून, बाजारात त्याच्याइतका ताठ कुणी चालत नसे. सरकारी दवाखान्यात त्या घटकाचं इंजेक्शन मिळू लागल्यावर ते स्वतःच्या शिरेत टोचायलाही तो शिकला.

पण मला त्याचा खरा अभिमान वाटला तो वैशालीच्या, त्याच्या एकुलत्या एक लेकीच्या लग्नाच्या बैठकीत. मिरजगावचं स्थळ होतं. बापाला हा आजार असला की मुलीकडे तो दोष जातोच. तिला सहसा फारसा त्रास होत नाही, पण तिच्या मुलाला होऊ शकतो. आमच्या चुलत्यांनी बजावलं होतं, "ह्यो विषय काढायचा न्हाई." चहा झाला आणि बापूने विषय काढला.

"सौद्याआधी जनावराची खोड सांगतो मी. आता..."

"आबा," वैशाली आतून बाहेर आली. "मी जनावर न्हाई. माझं मी सांगते."

आणि तिने सगळं सांगितलं. चुलत्यांनी कपाळाला हात लावला. लग्न तिथेच मोडलं असं मी धरून चाललो. मग नवऱ्या मुलाने बापूलाच विचारलं, "समजा मुलाला झालं, तर काय करायचं?"

बापूने न वाकणारा पाय पुढे सरकवला. "माझ्यापरीस बरं जगवायचं. आता औषध हाय."

लग्न झालं. मुलगा झाला आणि त्याला हा आजार निघालाच. बापूने नातवाचे कान टोचू दिले नाहीत. त्याला गुडघ्यावर बर्फ लावायला मात्र तो मिरजगावपर्यंत जायचा, तेच उपरणं घेऊन.

परवा वैशाली माहेरी आली होती. चार वर्षांचा आर्यन उंबऱ्याला अडखळून पडला. तिने इंजेक्शन दिलं, मी बर्फ आणला आणि खुंटीवरच्या उपरण्यात बांधून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. विचारायचं मला सुचलंच नाही. पोराने स्वतःच उपरण्याचा पदर उचलला, आत हात घातला आणि माझा हात शोधून काढला.

"आजोबा, विचारा ना."

"किती?" मी म्हणालो.

त्याने माझं एकच बोट धरलं आणि बापूसारखी मान ताठ केली.