दत्तोबा एजंटानं झाकलेला आड

दत्तोबा एजंटाची बोलती बंद झालेली बारामतीत कुणी पाहिली नव्हती. अहो, हा माणूस बोलायला लागला की समोरचा चहा गार व्हायचा! भिगवण रस्त्याला टायरवाल्याच्या शेजारी एक टेबल न् दोन खुर्च्या टाकून बसायचा. आधी बाजारात बैलांची दलाली करायचा. नव्वद सालानंतर कंपन्या आल्या, बाहेरगावचे नोकरदार घरं शोधत फिरू लागले, तसा हा बैल सोडून घरांत शिरला. बैल काय न् घर काय, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरलं म्हणजे झालं, एवढंच त्याचं शास्त्र.

घर विकणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी बजावायचा, "गिऱ्हाईक आलं की तुमी तोंडात गूळ धरून बसायचं. बोलणार मी." गळकं घर तो उन्हाळ्यात दाखवायचा. शेजारीण भांडकुदळ असली तर ती माहेरी कधी जाते याची माहिती काढायचा. मालक लोक काय कमी असतात होय? कुणी म्हणे भिंतीचा हिरवा रंग बदलणार नाही, कुणी म्हणे वडिलांचा फोटो दारावरून काढणार नाही. दत्तोबा सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि शेवटी आपलंच खरं करायचा. एका ठमाबाईनं मात्र त्याच्या नाकी नऊ आणले.

ठमाबाईचं घर इंदापुरात. नवरा आबाजी मूळचा कळसचा, जन्मभर मेंढरं राखली, म्हातारपणी कळप विकून हे घर बांधलं आणि दोन वर्षं त्यात राहून गेला. मुलगा मानसिंग बारामतीत कंपनीत कायम झालेला. त्याला इंदापूरचं घर विकून बारामतीला यायचं होतं. घर चांगलं होतं, हवेशीर, नळ आलेला. एकच गोष्ट आडवी येत होती. परसात आड होता, आणि त्या आडात मानसिंगची बायको विजयमाला गेली होती. पाणी शेंदताना पाय घसरला, असं पंचनाम्यात होतं न् आळीतही सगळे तसंच म्हणत.

"आडावर फरशी टाका," दत्तोबा म्हणाला. "नळ आल्यावर आड कशाला पायजे? आन झाल्या गोष्टीचं नाव काढू नका."

मानसिंग लगेच हो म्हणाला. ठमाबाई मात्र म्हणाली, "आड झाकायचा न्हाय. आन घर बघाया येईल त्याला आधी सांगायचं, की हितं आमची सून गेली."

दत्तोबा उडालाच. "आक्का, याड लागलं का काय तुमाला? आसं सांगितल्यावर दारात कुत्रं तरी उभं ऱ्हाईल का?"

"आमच्यात मेंढरू इकताना आधी खोड सांगत्यात," ती म्हणाली. "मालकांनी कवा चुकवलं न्हाय. लंगडतंय तर लंगडतंय म्हणायचं. मग घेणाऱ्याची मर्जी. न सांगता इकलं तर त्याचा तळतळाट आपल्याच कळपाला लागतोय."

"आवो, मेंढरू येगळं न् घर येगळं!"

पण ती हटेना. मग दत्तोबानं काय करावं? म्हातारी जत्रेला कळसला गेली तसा त्यानं गवंडी आणला, आडावर शहाबादी फरशी बसवली आणि फरशीवर सिमेंटचं तयार तुळशी वृंदावन आणून ठेवलं. वर हळदकुंकूसुद्धा वाहिलं, हो! ठमाबाई परत आली, परसात गेली आणि बघतच राहिली. एवढंच म्हणाली, "दत्तोबा, तुळस तरी सोडायची हुती."

पुढं सुप्याचे एक मास्तर घर बघायला आले. मास्तरीणबाई तुळशीला हात जोडून म्हणाल्या, "किती प्रसन्न वाटतंय!" ठमाबाईनं तोंड उघडलं रे उघडलं की दत्तोबानं नळाच्या पाण्याची गोडी वर्णायला घेतली. मास्तरांनी तिथंच हो म्हटलं. दत्तोबा त्या दिवशी एसटीत बसला तो मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत.

या सगळ्या येण्याजाण्यात मानसिंग त्याच्या मनात भरला. शांत पोरगा, सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही, मोठ्या माणसापुढं खाली मान. दत्तोबाची मुलगी मनिषा लग्नाची होती. घरी त्यानं विषय काढला तर बायको सारजा म्हणाली, "बिजवर हाय वो. जरा चौकशी तरी करा."

"चौकशी काय करायची?" दत्तोबा हसला. "त्या घराचा कोपरान् कोपरा मला म्हाईत हाय."

शिमग्याच्या आधी एका दुपारी तो पेढे घेऊन इंदापूरला गेला, शब्द पक्का करायला. मानसिंगला आनंद झाला, तो चुलत्याला बोलवायला बाहेर पडला. त्याची पाठ वळते न वळते तोच ठमाबाईनं दत्तोबाला परसात बोलावलं.

"पोरगी द्यायची म्हणताय?"

"व्हय आक्का. आता आपण सोयरं!"

"मग ऐका. तिचा पाय घसरला न्हवता."

"कुणाचा?" दत्तोबानं विचारलं.

"पाणी शेंदाया गेलेल्या बाईजवळ दोर नगं?" ती म्हणाली. "दोर खुंटीला हुता. कळशी घरात पालथी हुती. आदल्या दिशी मानसिंगनं तिला लई मारलं हुतं. तिनं उडी टाकली का ह्यानं ढकलली, ते मी बघितलं न्हाय. मी वरडा ऐकून आले तवा हा काठावर उभा हुता. गप उभा हुता, दत्तोबा. वाकून बघत हुता, पर हाक मारंना का दोर सोडंना. पोलीस यायच्या आधी मीच खुंटीवरचा दोर काढला, भिजवला न् काठावर टाकला. पोटचा हाय म्हणून. तवापासून जेवान गिळत न्हाय मला."

समोर तुळस होती, तिच्याखाली त्यानंच बसवलेली फरशी होती, आणि त्या वृंदावनाकडं त्याला बघवेना. आणि तशा अवस्थेत, बघा, त्याच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? सवयीनं, आपसूक?

"आक्का, हे भाईर कुणाला बोलू नका."

स्वतःचा आवाज ऐकून तो दचकला. ठमाबाई त्याच्याकडं असं बघत होती की त्याला तोंड लपवायला जागा नव्हती.

"भाईर कुठं बोलले?" ती म्हणाली. "मी गिऱ्हाइकालाच सांगतेय."

मानसिंग यायच्या आत दत्तोबा तिथून निघाला. पेढ्यांचा पुडा तिथंच राहिला. घरी त्यानं सांगितलं, पत्रिका जुळत नाही. मानसिंगलाही तोच निरोप धाडला. सारजा म्हणाली, "तुमी कवापास्नं पत्रिका बघाया लागला?" त्यावर तो खेकसला आणि जेवता जेवता उठला. रात्री मनिषा झोपली की उगाच उठून तिच्याकडं बघून यायचा. पण बोलला नाही कुणालाच. बोलायचं तरी कसं? बोलावं तर मास्तर मानगूट धरणार, फरशी कुणी टाकली म्हणून. त्यात म्हातारी जेलात जाणार. आपली पोरगी वाचली ना, मग झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्यानं मन घट्ट केलं. घर मास्तरांच्या ताब्यात गेलं, ठमाबाई कळसला बहिणीकडं राहायला गेली, आणि दत्तोबानं इंदापूरकडं जाणंच सोडलं.

जेठ लागल्यावर एका सकाळी कऱ्हाटीचे दादासाहेब म्हणून एक शेतकरी त्याच्या टेबलाशी आले. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, हसरा चेहरा. "दत्तोबा तुमीच ना? दोन खोल्यांचं घर पायजे बघा बारामतीत. पोरीला संसार थाटून द्यायचाय. आमची सुकन्या. लगीन झालं वैशाखात."

"झकास! जावई काय करत्यात?"

"तुमच्याच वळखीतलं हायेत की. इंदापूरचं मानसिंग."

दत्तोबानं हातातली कपबशी खाली ठेवली.

"सध्या दोघं इंदापुरातच चुलत्याकडं हायेत. त्यांच्या आई काय लग्नाला आल्या न्हाईत, आजारी हायेत म्हणं," दादासाहेब आपल्या नादात सांगत होते. "आमी जरा मागंपुढं बघत हुतो, बिजवर म्हणून. पर आमची मंडळी म्हणाली, आवो, दत्तोबा एजंटानं त्यांचं घर इकलं, रोजचं येणंजाणं. काय वंगाळ आसतं तर एवढा बोलका माणूस बोलला नसता व्हय?"

दत्तोबानं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. शेजारी टायरवाला हातोडा मारत होता, त्या आवाजात त्यानं सगळं सांगून टाकलं. आड सांगितला, दोर सांगितला, काठावर उभा राहून वाकून बघणारा नवरा सांगितला. दादासाहेबांचं हसू आधी तसंच चेहऱ्यावर राहिलं, मग हळूहळू उतरलं. चेहरा राखेसारखा झाला.

"तुमाला कवा कळलं हे?"

"शिमग्याच्या आधी."

"आन गप बसला?" दादासाहेब खुर्चीतून उठले. "दत्तोबा, तुमाला पोरगी हाय का?"

"हाय." दत्तोबाची मान वर होईना. "त्याला द्यायची ठरवली हुती. कळल्यावर न्हाय दिली."

दादासाहेब टोपी तिथंच टाकून इंदापूरची एसटी धरायला स्टँडाकडं पळत सुटले. दत्तोबा टेबल-खुर्च्या तशाच टाकून त्यांच्या मागं धावला.