कॅप्टनवरचा आळ

मी ठाणेदार असतानाची रिसोडच्या पोलीस ठाण्यातली ती सकाळ निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. हजेरी नुकतीच आटोपली होती. दारात ऑटो थांबला. वडिलांनी आपल्या तरुण मुलीला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं. लहानपणीच्या अपघातानंतर ती चालू शकत नव्हती.

"काय चोरीला गेलं?" ठाणे अंमलदाराने विचारलं.

"माझं नाव," ती म्हणाली.

मोबाइलवरच्या एका ऑनलाइन लढाईच्या खेळात तिचा संघ होता आणि ती त्याची कॅप्टन. कुणीतरी तिचं खातं हॅक करून त्यावरून लबाडीचं सॉफ्टवेअर चालवलं. कंपनीने खातं बंद केलं आणि तिला लबाड खेळाडू म्हणून जाहीर केलं. तिने पुन्हा पुन्हा दाद मागितली. दरवेळी यंत्राचं तेच उत्तर : निर्णय अंतिम आहे.

"साहेब, खेळ नाई मिळाला तरी चालन. पन मी चोट्टी नाई, एवढं त्यायले सांगा."

हवालदार हसला. मी तक्रार नोंदवायला सांगितली आणि सायबर सेलमार्फत कंपनीला नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही.

मग वाशीमहून तिच्या संघातल्या एका मुलाचा फोन आला. "साहेब, बंदीच्या आधी कॅप्टनच्या खात्यावरून कोनीतरी आमाले शिव्या देऊन राह्यला होता. बोली आपल्याच इकडची होती."

म्हणजे माणूस जवळचा. मुलीचा फोन हातातून गेला होता तो एकदाच, काच बदलायला. वडीलच तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले होते. मी दुकानदाराला चौकशीसाठी बोलावलं. खोटं बोलणारा माणूस साध्या प्रश्नाला लांबलचक उत्तर देतो. मी त्याला बोलू दिलं. शेवटी तो थकला.

"माह्यावरच काहून, साहेब? तिच्या बापानंच सांगतलं होतं, खेळ बंद करून टाक म्हनून."

दुकानदाराने तो बंद केलाच नाही. खातं गुपचूप आपल्या फोनवर घेतलं आणि जिंकण्यासाठी त्यावर लबाडीचं सॉफ्टवेअर चालवलं.

वडील बाहेर बाकावर बसले होते. मी विचारताच त्यांनी मान खाली घातली.

"तिची माय गेल्यापासून घरात आमी दोघंच. पोरगी त्या पोरायसंगं हसे, बोले. मले वाटलं, खेळ सुटला का माझ्यासंगं बोलन."

"हे तिला तुम्हीच सांगा," मी म्हणालो आणि दोघांना माझ्या खोलीत बसवून बाहेर आलो. आतून आधी वडिलांचा दबका आवाज आला. मग मुलगी रडत म्हणाली, "बाबा, मले म्हनाचं होतं ना! मी तुमाले शिकवलं असतं."

इकडे तिच्या संघाने खेळणंच थांबवलं. त्यांचं पाहून इतर खेळाडूही कंपनीकडे तक्रारी करू लागले. तेव्हा कुठे कंपनीच्या एका अधिकारी बाईंचा ठाण्यात फोन आला. त्यांनी नोंदी तपासल्या. लबाडी दुकानदाराच्या फोनवरून झाली होती. बंदी उठली. कॅप्टन निर्दोष असल्याचं खेळातच सर्वांना कळवून कंपनीने तिची माफी मागितली. दुकानदाराविरुद्ध कोर्टात दोषारोपपत्र गेलं. वडिलांचा जबाब मी साक्षीदार म्हणून घेतला.

पुढे पोहरादेवीच्या यात्रेचा बंदोबस्त आटोपून परतताना त्यांच्या घरी डोकावलो. बापलेक शेजारी बसून खेळत होते. वडिलांनी मान वर केली नाही.

"बसा साहेब. कॅप्टननं सांगतलं, जागेवरून हलू नोका."

मुलगी खळखळून हसली.

आयुष्यभर मी गुन्ह्यामागे लोभ आणि सूड शोधला. माणूस नुसत्या एकटेपणानेही चुकतो, आणि त्याला शिक्षेआधी कुणीतरी जवळ बसवून घ्यावं लागतं, हे मला त्या घराने शिकवलं.