रुमालाच्या गाण्यातला सूर

आर्लेटा प्रुइटला नॅशव्हिलमध्ये सगळे ओळखत, पण नावाने फार थोडे. "ती नाही का, जोनेलच्या मागे डावीकडे उभी असते ती," असं म्हटलं की मग लोकांच्या ध्यानात यायचं.

टेनेसीच्या पूर्वेकडल्या डोंगरातलं तिचं गाव. घरात गाण्याची मुख्य चाल थोरल्या बहिणीची, खर्ज वडिलांचा, आणि आर्लेटाच्या वाट्याला उरला तो वरचा सूर. चर्चमध्ये गाता गाता तिचा कान असा तयार झाला, की समोरच्याने श्वास घेतला तरी तो पुढचा शब्द कुठवर ओढणार, हे तिला कळायचं. शाळा संपल्यावर ती बसने नॅशव्हिलला आली, लॉन्ड्रीत शर्टांना इस्त्री करायला लागली आणि एका विधवा बाईंच्या घरात खोली घेऊन राहिली. शेजारच्या खोलीत जोनेल टॅकेट होती.

जोनेल केंटकीची, कोळशाच्या खाणीतल्या माणसाची मुलगी. ती शब्द विसरायची, तालात मागेपुढे व्हायची, पण तिने तोंड उघडलं की जिना चढणारा माणूस पायरीवर थांबायचा. आर्लेटाही थांबली होती. हा आवाज देवाने हिला दिला आणि मला नाही, हा तिच्या मनातला पहिला विचार. या आवाजावर आपला सूर किती छान बसेल, हा दुसरा. दोन्ही विचार जन्मभर जोडीनेच राहिले.

आणि सूर खरंच बसला. हॅस्केल बायरम नावाचा रेकॉर्ड काढणारा माणूस होता. त्याने दोघींना ऐकलं आणि जोनेलला पुढच्या मायक्रोफोनपाशी उभं केलं, आर्लेटाला मागच्या. गाणी बहुतेक आर्लेटाच लिही. जत्रांमधून, शाळांच्या हॉलमधून, शनिवारच्या रेडिओवरून जोनेल ती गाई, आणि लोक जोनेलच्या गळ्यात पडून रडत. "बाई, तुम्ही माझीच कहाणी सांगितलीत," म्हणत. कहाणी सांगणारी तिच्या मागे वायर गुंडाळत असायची. एकदा एका म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहून विचारलं, "तू जोनेलची धाकटी बहीण का?"

"नाही, मी तिची सावली," आर्लेटा म्हणाली. म्हातारा हसला. ती हसली नाही.

तरी या जळण्याची तिला सवय झाली होती. चपलेतला खडा बोटांनी एका बाजूला सारून माणूस चालत राहतो, तसं तिचं चाललं होतं. पुढची जागा आपली नाही, हे तिने मान्य केलं होतं. पण मागची जागा आपली आहे, ती दुसरी कुणी घेऊच शकत नाही, हेही तिने स्वतःशी पक्कं केलं होतं.

मग गावाकडे तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. आर्लेटाने सगळा हिवाळा आईला उठवण्या-बसवण्यात काढला. मार्चमध्ये परत येताना बस एका खाणावळीपाशी थांबली. ती राजमा आणि मक्याचा पाव घेऊन बसली होती, तेवढ्यात कोपऱ्यातल्या नाणं टाकून वाजणाऱ्या पेटीवर कुणीतरी जोनेलची नवी रेकॉर्ड लावली. गाणं तिच्या ओळखीचं होतं. वरचा सूर मात्र तिचा नव्हता. तो कोवळा होता, किंचित उशिरा यायचा, आणि आला की जोनेलच्या आवाजाला बिलगायचा. दुसऱ्या कडव्यात तर जोनेल गाता गाता हसल्यासारखी झाली होती. इतक्या वर्षांत आर्लेटाबरोबर गाताना ती कधी हसली नव्हती. आर्लेटाने पाव तसाच ठेवला आणि बाहेर जाऊन बसमध्ये बसली.

त्या सुराची मालकीण निघाली क्लीटा रे. आर्कान्सामधली, हडकुळी, नम्र पोरगी.

"मिस आर्लेटा, तुमच्या रेकॉर्ड ऐकून ऐकूनच मी शिकले हो," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "तुमच्या जागेवर उभी राहताना माझे पाय कापत होते."

"कापताना दिसले नाहीत," आर्लेटा म्हणाली.

जोनेलने दोघींनाही ठेवून घेतलं. वरचा सूर क्लीटाचा, त्याखालचा आर्लेटाचा. "अगं, भारदस्त वाटतं तिघींचं," जोनेल म्हणाली. "आणि तुला तेवढीच वरच्या पट्टीतून सुट्टी."

"मी मागितली होती का सुट्टी?"

"तू काहीच मागत नाहीस, आर्लेटा. नुसतं तोंड वाकडं करतेस."

सवतीमत्सर म्हणतात तो हाच, आणि तोही नवरा नसताना. क्लीटा जोनेलचे केस विंचरून द्यायची, तेही आर्लेटाला खुपायचं. बसमध्ये दोघी पुढच्या सीटवर खुसखुसायच्या, तेव्हा ही मागे बसून खिडकीबाहेर पाही आणि कान मात्र पुढे. क्लीटाचं गाणं ती जेवढ्या बारकाईने ऐके तेवढं तिच्यावर प्रेम करणाऱ्यानेही ऐकलं नसेल. आणि ऐकता ऐकता तिला एक गोष्ट सापडली. छातीतून निघणारा आवाज वर जाताना जिथे पातळ होतो, तिथे प्रत्येकाच्या गळ्यात एक सांधा असतो. क्लीटाचा सांधा कच्चा होता. ठरावीक एका सुरावर ती जपून, हळूच पाय टाकायची. जोरात टाकला असता तर आवाज फुटला असता.

त्या आठवड्यात आर्लेटाने एक गाणं लिहिलं. नवऱ्याच्या गाडीत एका बाईला परक्या बाईचा रुमाल सापडतो. ती तो धुते, इस्त्री करते आणि जेवणाच्या टेबलावर त्याच्या ताटाशेजारी ठेवते. "कुणाचा?" एवढंच विचारते. इतकं खरं गाणं तिने आजवर लिहिलं नव्हतं, कारण तो सगळा जळफळाट तिचाच होता. आणि त्या "कुणाचा" या शब्दावर वरचा सूर तिने बरोबर क्लीटाच्या सांध्यावर नेऊन ठेवला, तोही पूर्ण ताकदीने घ्यायचा. हॅस्केलसमोर हिचा आवाज चिरकू दे, मग कळेल सगळ्यांना मागे उभं राहणं म्हणजे काय.

स्टुडिओत तसंच झालं. तिसऱ्या कडव्यात क्लीटा त्या सुरावर गेली आणि तिचा आवाज मधोमध फुटला, काचेच्या बरणीला तडा जावा तसा. पोरगी लालबुंद झाली. "माफ करा, मी पुन्हा गाते," म्हणाली.

आर्लेटाने खाली पाहिलं. ओठांवरचं हसू कुणाला दिसू नये म्हणून.

काचेपलीकडून हॅस्केलचा आवाज आला. "कुणी काही हलवू नका. हेच ठेवायचं."

"फुटलाय तो," आर्लेटा म्हणाली.

"म्हणूनच. ती बाई दुसरं काय करेल तिथे? अगं, तूच तर लिहिलंयस."

जोनेल डोळे पुसत होती.

त्या गाण्याने तिघींना दिलं तेवढं कुठल्याच गाण्याने दिलं नाही. ट्रकवाले ते ऐकत, न्हाव्याच्या दुकानात ते वाजे, आणि लोक त्या एका जागेसाठी थांबत. आर्लेटाला गीतकार म्हणून बोलावणी येऊ लागली. सत्काराच्या जेवणात क्लीटा तिच्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मिस आर्लेटा, ती जागा तुम्ही माझा गळा ओळखून ठेवलीत ना? माझं एवढं कुणी कधी ऐकलं नव्हतं."

आर्लेटाने गोड चहाचा घोट घेतला. "हो," म्हणाली. "तुझा गळा ओळखूनच ठेवली." खोटं एक अक्षरही नव्हतं, आणि तरी तिने ताट बाजूला सारलं.

पुढे क्लीटा लग्न करून टेक्सासला गेली. मागची जागा आर्लेटाला परत मिळाली, आणि तिच्याबरोबर तो सूरही. आता लोकांना तिथे फुटलेला आवाजच हवा होता. आर्लेटाचा आवाज मात्र कधी फुटला नव्हता. ती गाडी चालवताना सराव करी, मुद्दाम घसा ओढी. फुटायचा, पण नकली. अलाबामात एका जत्रेत पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "आधीची पोरगी इथे खरी रडायची."

त्या दिवशी बसमध्ये जोनेल तिच्या शेजारी येऊन बसली.

"सरळ गा ना तिथे."

"लोकांना तिची जागा हवीय."

"लोक जाऊ देत. ती उशिरा यायची, मला वाट बघावी लागायची. तू असलीस की मला मागे वळून पाहावं लागत नाही."

"हे इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं कधी?"

आर्लेटा मग सरळ गायला लागली. काही जण कुरकुरले, बहुतेकांना कळलंही नाही. जोनेल थकेपर्यंत दोघी तशाच गात राहिल्या, आणि त्यानंतर आर्लेटाने दुसऱ्यांसाठी गाणी लिहून म्हातारपण काढलं.

रेडिओवर रुमालाचं गाणं लागलं की मात्र ती हातातलं काम सोडून उभी राही. दर वेळी वाटे, आज ते साधंच वाटेल, एका पोरीचा चुकलेला सूर. मग ती जागा येई, क्लीटाचा आवाज फुटे, आणि आर्लेटा पहिल्या दिवसासारखीच खाली पाही. "छान गायलीस गं, मेले," ती रेडिओला म्हणे आणि पुन्हा मटार सोलायला बसे.