पाच घरच्या चिंध्यांची कुंची

माझी नणंद कपडे शिवायची, पण कुनाला घालता येतील असे न्हाईत. शाळंत हुती तवा तिनं गणवेश उसवून बाह्या पाठीला लावल्या आन तशीच झेंडावंदनाला गेली, मास्तरनं हाकलून दिलं. मंग खताच्या गोनीचा झगा, सायकलीच्या ट्यूबचं पोलकं. नेवाशात बाया म्हनायच्या, "हिला बुजगावनी शिवायला ठिवा." ती रागवायची न्हाई, नुस्ती कापडाकडं बघत बसायची. तिचं ते बघनं मला नवी नवरी हुते तवापासनं भ्या वाटायचं. पुढं ती मुंबईला शिकाया गेली, पेपरात फोटू आला, आन आमाला कळंना हसावं का मिरवावं.

माझी पयली दोन लेकरं सव्वा म्हैन्याच्या आत गेली. तिसरी पोरगी झाली तवा सासूबाईनं पदर पसरून पाच लेकुरवाळ्या घरातनं चिंध्या मागितल्या, त्याची कुंची शिवली. आपल्या घरचा धागासुद्दा चालत न्हाई. सटवीला वाटावं, हे लेकरू ह्या घरचं न्हाईच. पाच वर्सं ती कुंची घराभाईर काढायची न्हाई.

आन म्या ती दिली.

नणंद सुट्टीला आलती. कुंचीवरनं तिची नजर हालंना. "वहिनी, आठच दिवस. नगरला मंगल कार्यालयात माझे कपडे दाखवायचेत, मुंबईची मोठी मानसं येनार. नुस्ती टेबलावर ठिवीन."

"वन्स, सासूबाई जीव घेतील माझा."

"आई दिसभर रानात असती. चिंधीला काय भ्यायचं एवढं? शिकली असतीस तर भ्याली नसतीस."

मला ते लागलं. म्या सातवीतनं शाळा सोडलेली. पिशवीत घालून दिली.

तिसऱ्या दिशी पोरगी पेईना, अंग तव्यावानी. डॉक्टरनं सुई दिली, काई फरक न्हाई. सासूबाई म्हनल्या, "कुंची घाल तिला."

"धुतलीया."

"धुतली? कुनी सांगितलं धुवायला?"

म्या पोरगी उचलली, नगरच्या मोठ्या डॉक्टरकडं जाते म्हनलं आन यष्टीत बसले. डॉक्टरच्या आदी कार्यालयात गेले. पडद्यामागं एक उंच पोरगी काळा झगा घालून हुबी, आन तिच्या पाठीवर माझ्या कुंचीच्या पाची चिंध्या, उसवून लांबलांब डकवलेल्या. नणंद म्हनाली, "टेबलावर बरी दिसंना वहिनी."

कात्री हुती तिथं. म्या झग्याच्या कापडासकट एक कापली, दोन, तीन, चार, ती उंच पोरगी किंचाळली, गानं सुरू झालं, कुनीतरी तिला भाईर ढकललं. पाचवी खांद्यावर ऱ्हायली. भाईर एकदम टाळ्या पडल्या, थांबंनातच.

नणंदबी भाईर गेली, टाळ्या घिऊन परत आली. मला वाटलं मारती. पन ती माझ्याकडं बघत बसली, कापडाकडं बघावं तसं. "ही भोकं मला सुचलीच नसती गं," म्हनाली. झगा त्याच दिशी मुंबईला गेला. त्याच्यावरच तिचं नाव झालं. आता त्याच बाया म्हनत्यात, आमच्या गावची हाय.

डॉक्टरच्या पायरीवर बसून म्या चार चिंध्या जोडल्या. पाचवी कुठनं आनू? पोरगी डोळं फिरवाय लागली हुती. माझ्याच पदराची फाडली.

ताप उतरला. दोन वर्सं झाली. पन आज सकाळी सासूबाई उनात कुंची घिऊन बसल्या, एकेक चिंधी चाचपत. बोट थांबलं.

"ही म्या कवा मागितली गं?"

"एक इरली हुती. पल्याडच्या आळीतल्या म्हातारीकडनं आनली."

"लेकुरवाळी हाय का ती?"

"चार हायेत."

"इचारूनच येते," म्हनल्या आन चपला घातल्या.

अजून आल्या न्हाईत. पोरगी परवापासनं खोकतीय. तिला मांडीवर घिऊन बसलेय, दाराकडं बघत.