आंटी आयसिल्डाची भिशी

पैसे पाठवताना ती फोन हातभर लांब धरायची. बटण दाबलं की ज्याला पाठवले त्याचं नाव मोठ्याने घ्यायची. खुर्चीत बसली तरी कोट काढायची नाही. चहा अर्धा टाकून उठायची, खिडकीतून बस बघायची, परत बसायची.

आयसिल्डा ब्रॅमवेल अमेरिकेत हार्टफर्डमध्ये घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करायची. मी तिच्या वरच्या मजल्यावर राहायचे. आमच्या जमैकन लोकांची भिशी तीच चालवायची. ज्याची पाळी त्याला शनिवारी पूर्ण रक्कम, एक सेंटही कमी नाही. कुणाचा हप्ता उशिरा आला तर ती स्वतःचे घालायची, फोनवरून, क्रेडिट कार्डाने.

एकदा मी तिचा फोन पाहिला आणि हादरले.

"आंटी, दर वेळी शंभराला तीन डॉलर कापतात. वर तुझी बँक याला रोकड काढणं समजते. त्याच दिवसापासून व्याज लागतं."

"लागू दे."

"बँकेचं खातं जोड ना. फुकट जातील."

"खात्याचा नंबर त्या फोनला देऊ? डोकं ठिकाणावर आहे का तुझं, कॉलेजवाले? कार्ड गेलं तर दुसरं मिळतं. खातं गेलं तर माझं म्हातारपण तू काढणार?"

महिनाभर भांडल्यावर ती तयार झाली. गुरुवारी आम्ही खातं जोडलं. खात्री करायला खात्यात दोन किरकोळ रकमा येणार होत्या. ते आकडे फोनमध्ये भरले की काम झालं.

शनिवार आला, रकमा आल्या नव्हत्या. पाळी डोरेटची होती. नव्या घराची अनामत तिला संध्याकाळपर्यंत द्यायची होती. भिशीतल्या डेझमंडचा हप्ता मात्र आलाच नव्हता.

"सोमवारपर्यंत थांब, आंटी."

"डोरेट खोकी घेऊन जिन्यात बसलीय, पोरं रडतायत आणि मी थांबू?" ती दारापर्यंत गेली, परत आली. "हे शेवटचं. आता गप्प बस."

तिने फोन लांब धरला. "डोरेट," म्हणाली. डोरेटला संध्याकाळी किल्ली मिळाली.

सोमवारी सकाळी कामावर जाताना बसथांब्यावर आंटी कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

आमच्या जमैकन रीतीप्रमाणे नवव्या रात्री जागरणाला सगळे तिच्या घरी जमले. तळलेले मासे होते, डॉमिनो होते, कुणीतरी भजन सुरू केलं होतं. मला बसवेना. मी उगाच ताटं उचलत होते.

"बाईने कुणाला रक्कम कधी कमी दिली नाही," डेझमंड म्हणाला. "कसं जमवायची देव जाणे."

"स्वतःच्या कार्डावर," मी म्हणाले. "तुझा हप्ता, वरचा आकार आणि व्याज. सगळं."

त्याने हातातला मासा ताटात ठेवला.

तिच्या बहिणीने बँकेची कामं बघायला फोन माझ्याकडे दिला. खात्यात त्या दोन रकमा सोमवारी दुपारी आल्या होत्या. काही सेंट आणि काही सेंट. फोनवर ते आकडे भरायच्या दोन्ही चौकटी रिकाम्या होत्या.